आजीचं पवित्र शास्त्र आणि तुमचं सोपं बायबल

वाचकाचा प्रश्न : पुण्यात राहणाऱ्या, चाळिशीजवळच्या एका ताईंचं पत्र आहे. माहेर अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रॉटेस्टंट मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. आजीकडून आलेलं जुनं ‘पवित्र शास्त्र’ त्या लहानपणापासून वाचत आल्या. पण संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत इंग्रजी माध्यमात शिकणारा दहा वर्षांचा मुलगा त्या भाषेला अडखळतो, म्हणून त्यांनी सोप्या मराठीतलं ‘पवित्र बायबल’ आणलं. ते पाहून मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, “हे खरं शास्त्र नव्हे, कुणीतरी आपल्या मनानं सोपं करून लिहिलंय.” बुधवारच्या शास्त्राभ्यासाला बाकी सगळे इंग्रजी एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) घेऊन येतात. तिथली काही वचनं ताईंच्या प्रतीशी जुळत नाहीत, काही तर सापडतच नाहीत. शिवाय पतीच्या घरच्या बायबलात सात पुस्तकं जास्त आहेत. ताई लिहितात, “रोज वाचायला आणि अभ्यासालाही चालेल असं एकच अचूक भाषांतर सांगा. पुन्हा गोंधळ नको.”

ताई, तुमच्या मागणीत ‘एकच’ आणि ‘अचूक’ असे दोन शब्द आहेत, आणि तुमचा गोंधळ बराचसा या दोन शब्दांमुळेच वाढलाय असं मला वाटतं. नावं मी सांगणार आहेच, कारण नुसतं ‘सगळीच चांगली आहेत’ म्हणून तुम्हाला परत पाठवणं हा सल्ला झाला नाही. पण त्याआधी त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याकडे नीट पाहू. त्यात खरं काय आणि गैरसमज काय हे कळलं, की निवड आपोआप सोपी होते.

आधी गैरसमज. अवघड भाषा म्हणजे मूळ भाषा, असं आपल्याकडे नकळत धरलं जातं. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला ती ‘कोइने’, म्हणजे त्या काळची चारचौघांची, बाजारहाटाची, घरच्या पत्रांची ग्रीक. पौलाची वाक्यं लांब आहेत, विचार खोल आहेत, पण शब्द लोकांच्या तोंडातले आहेत. आपल्या ‘पवित्र शास्त्रा’तली भाषा आज भारदस्त वाटते त्याचं मोठं कारण तिचं वय. मराठी पुढे सरकली आणि ती भाषा जागेवर राहिली.

दुसरं म्हणजे, ज्याला ते ‘खरं शास्त्र’ म्हणतात तेसुद्धा सुधारलेलंच आहे. त्याच्या नावापुढे ‘रि.व्ही.’ लिहिलेलं असतं, म्हणजे रिव्हाइज्ड व्हर्जन, सुधारित आवृत्ती. विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला तो मोडी लिपीत. पुढे मुंबईत आणि अहमदनगरला मिशनऱ्यांनी आणि मराठी पंडितांनी नवी भाषांतरं केली आणि ती पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेतली, आणि बाबा पदमनजींसारख्या माणसांची मराठी त्या कामात उतरली. पंडिता रमाबाईंना तेही पुरेसं वाटलं नाही. साध्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं भाषांतर त्यांनी एकहाती केलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते प्रसिद्ध झालं. म्हणजे सोप्या मराठीचा हट्ट आजचा नाही. तो धरणाऱ्यांत एक नाव तर असं आहे की त्यापुढे कुठल्याही मंडळीत मान आदरानं लवते.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातलं खरं. तुम्ही आणलेलं ‘पवित्र बायबल’ हे इझी टू रीड मालिकेतलं आहे. या मालिकेची इंग्रजी आवृत्ती मुळात कर्णबधिर वाचकांसाठी तयार झाली. त्यामुळे लहान वाक्यं, ओळखीचे शब्द आणि गाळलेला अर्थ भरून काढणं हे तिचं धोरणच आहे. मराठी आवृत्तीतही तीच पद्धत दिसते. तेव्हा ‘मनानं लिहिलंय’ हे खरं नाही, पण ‘उलगडून लिहिलंय’ हे खरं आहे. आणि उलगडताना काही हाती लागतं, काही निसटतं.

हे शब्दांत सांगण्यापेक्षा दोन्ही प्रती समोर ठेवून पाहा. योहान ३:१६ काढा. रि.व्ही.त असं आहे : “देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला, ह्यासाठी की, जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचा नाश होऊ नये, तर त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे.” सगळं एका वाक्यात. सोप्या आवृत्तीत सुरुवातीला ‘होय’ आहे, ‘पुत्र दिला’ इथे वाक्य थांबतं आणि ‘देवाने आपला पुत्र यासाठी दिला की’ असं दुसरं वाक्य सुरू होतं. ‘सार्वकालिक’च्या जागी ‘अनंतकाळचे’ येतं. मुलाला दुसरं पटकन कळेल. पण एक गंमत पाहा. ग्रीकमध्ये या वचनाच्या सुरुवातीला ‘कारण’ या अर्थाचा एक छोटा शब्द आहे. तो या वचनाला आधीच्या दोन वचनांशी, मोशेनं रानात उंच केलेल्या सापाशी, जोडतो. रि.व्ही.मध्ये तो ‘कारण’ नाही. सोप्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘होय’ आहे. इंडियन रिवाइज्ड व्हर्जन, म्हणजे आयआरव्ही, या नव्या मराठी आवृत्तीत मात्र वचन ‘कारण देवाने’ असंच सुरू होतं. ज्या वचनाच्या पाट्या आपण भिंतीवर लावतो, तिथेसुद्धा तीन प्रतींनी तीन निर्णय घेतलेत. म्हणून ‘अचूक’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा.

स्तोत्र १३६ तर याहून बोलकं आहे. सव्वीस वचनं, आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी एकच हिब्रू शब्द : हेसेद. रि.व्ही.त ‘त्याची दया सनातन आहे’, सोप्या आवृत्तीत ‘त्याचे खरे प्रेम सदैव राहाते’. यातलं बरोबर कुठलं? हेसेद म्हणजे करार केलेल्यानं शब्द पाळत दाखवलेली, न आटणारी माया. त्यात दया आहे, प्रेम आहे, निष्ठा आहे. मराठीत या तिन्हींना धरणारा एक शब्द नाही. ‘दया’ म्हटलं की वरून खाली पाहणं येतं आणि निष्ठा सुटते. ‘खरे प्रेम’ म्हटलं की निष्ठा थोडी येते, पण कराराचं वजन जातं. एकच प्रत वाचणाऱ्याला त्यातला एकच अर्थ कळतो. दोन वाचणाऱ्याला निदान एवढं कळतं, की इथे मूळ शब्द मोठा आहे.

काही ठिकाणी तर कुठलंच भाषांतर पुरं पडत नाही. निकदेम या यहुदी पुढाऱ्याशी बोलताना येशू म्हणतो, वारा पाहिजे तिकडे वाहतो, आणि जो आत्म्यापासून जन्मला आहे त्याचंही तसंच (योहान ३:८). ग्रीकमध्ये ‘वारा’ आणि ‘आत्मा’ दोन्हींसाठी एकच शब्द आहे : प्नेव्मा. मूळ ऐकणाऱ्याला तो श्लेष कानात वाजत होता. मराठीत तो फोडावाच लागतो. त्याच संवादात ‘नव्याने जन्मल्यावाचून’ असं आपण वाचतो, त्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ ‘वरून’ असा आहे. निकदेमानं पहिला अर्थ घेतला म्हणून तो आईच्या उदराची गोष्ट काढतो. असल्या ठिकाणी कामाला येते ती पानाच्या तळाशी दिलेली टीप. म्हणून अभ्यासाची प्रत घेताना एक साधी कसोटी : योहानाचा तिसरा अध्याय उघडा आणि तळटीप आहे का पाहा. नसेल तर ती प्रत वाचायला घ्या, अभ्यासाला नको.

तुमच्या गटातली इंग्रजी बायबलं पाहून तुम्हाला थोडं कमीपण येतं, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. तसं वाटून घेऊ नका. अभ्यासात मराठी कित्येकदा इंग्रजीच्या पुढे असते. लूक २२:३१-३२ पाहा. येशू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, म्हणतो की सैतानाने ‘तुम्हांला’ गव्हासारखे चाळावे म्हणून मागणी केली, पण ‘तुझा’ विश्वास ढळू नये म्हणून मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली आहे. चाळणीत सगळे शिष्य आहेत, प्रार्थना एकट्या पेत्रासाठी आहे, आणि ती कशासाठी? तर त्यानं वळून बाकीच्यांना स्थिर करावं म्हणून. एनआयव्हीची २०११ ची आवृत्ती तिथे ‘तुम्हा सगळ्यांना’ असं मुद्दाम लिहून फरक दाखवते, पण नुसतं ‘यू’ लिहिणाऱ्या कित्येक इंग्रजी प्रतींत तो दिसत नाही. पौलाच्या पत्रांतला ‘तुम्ही’ सुद्धा बहुतेक वेळा सगळ्या मंडळीला आहे. तो इंग्रजीत वाचणारा सहज स्वतःपुरता घेतो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’चं तर पाहायलाच नको. ग्रीकमध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. मार्क ४:३८ मध्ये वादळात सापडलेले शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात. ते ‘आम्ही बुडतोय’ म्हणतात की ‘आपण बुडतोय’? पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात येशूही त्याच होडीत आहे. तुमच्या घरातल्या सगळ्या प्रती काढून हे एक वचन पाहा आणि बुधवारी गटासमोर ठेवा. अर्थात हा निर्णय भाषांतरकाराचा, मूळ मजकुराचा नव्हे, हेही सांगा. तसंच आदरार्थी ‘तुम्ही’चं. शिष्य येशूला ‘तुम्ही’ म्हणतात तो अनेकवचनी नसून आदराचा असतो, आणि तो आदर मराठीनं घातलेला आहे.

आता सापडत नसलेल्या वचनांबद्दल, कारण यावरूनच लोक सर्वांत जास्त घाबरतात. एनआयव्हीत मत्तय १७:२१, मार्क ९:४४ आणि ९:४६, प्रेषितांची कृत्ये ८:३७ ही वचनं मुख्य मजकुरात नाहीत. आकडा सरळ पुढच्यावर उडी मारतो, आणि तळाला टीप असते. यात कुणी काही चोरलेलं नाही. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीमागे जो ग्रीक मजकूर होता तो १६ व्या शतकात, हाती असलेल्या थोड्या आणि उशिराच्या हस्तलिखितांवरून जुळवलेला होता. पुढे चौथ्या शतकातली जुनी हस्तलिखितं अभ्यासाला मिळाली, आणि त्यांत ही वाक्यं नव्हती. मार्क ९ चंच पाहा : ४४ आणि ४६ मधलं वाक्य ४८ मध्ये जसंच्या तसं आहे. नकलून घेणाऱ्यानं ते ध्रुपदासारखं आधी दोनदा लिहिलं असावं. म्हणजे गेलं काहीच नाही. तुमच्या रि.व्ही.तही याची खूण आहे. मत्तय ६:१३ मध्ये प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट, ‘कारण की राज्य, सामर्थ्य आणि गौरव’, चौकटी कंसात छापलेला आहे. तो कंस म्हणजे ‘काही जुन्या प्रतींत हे नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणं. प्रार्थना म्हणताना ते शब्द खुशाल म्हणा; मंडळी कित्येक शतकं म्हणत आली आहे.

गटात आणखी एक गडबड होत असणार. एनआयव्ही म्हणजे एकच पुस्तक नव्हे. जुन्या प्रती बहुधा १९८४ च्या सुधारणेच्या आहेत, फोनमधली आवृत्ती २०११ ची. जुन्या आवृत्तीत रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाच्या ‘सार्क्स’ या ग्रीक शब्दासाठी ‘पापी स्वभाव’ असं होतं. नवीत बऱ्याच ठिकाणी ते पुन्हा ‘देह’ झालं. दोन माणसं दोन एनआयव्ही घेऊन बसली की वाद मजकुराचा वाटतो, असतो छपाईच्या सालाचा. पुढच्या बुधवारी प्रत्येकाला आपापल्या प्रतीचं स्वामित्वहक्काचं पान उघडायला सांगा. मराठीतही हीच खबरदारी घ्या. ‘पवित्र शास्त्र’ याच नावानं भारतीय बायबल सोसायटीची रि.व्ही. आहे आणि सोप्या भाषेतली सीएल (कॉमन लँग्वेज) आवृत्तीही आहे. मुखपृष्ठ पाहून पुस्तक घेऊ नका. पहिली दोन पानं उलटा.

आता निवडीबद्दल. रोजचं वाचन आणि अभ्यास ही दोन वेगळी कामं आहेत. रोजच्या वाचनात माणूस वाहत जातो. तिथे दर ओळीला थांबावं लागलं तर आठवड्यात सवय मोडते. अभ्यासात थांबायचंच असतं. एकच प्रत दोन्हीकडे वापरली, की वाचन रखडतं किंवा अभ्यास उथळ होतो. म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं.

अभ्यासाला आणि पाठांतराला आजीचीच परंपरा ठेवा, म्हणजे रि.व्ही.; पण नव्या छपाईची, टिपा आणि संदर्भ असलेली प्रत मिळाली तर ती. उपासनेत तीच वाचली जाते, प्रवचनात तीच कानावर पडते, जुनी माणसं तीच तोंडपाठ म्हणतात. “मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही” हे वाक्य आजारपणात आठवतं ते त्याच्या लयीमुळे. ती लय मुलालाही मिळू द्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला, आणि राजे, शमुवेल, निर्गम अशा गोष्टीरूप पुस्तकांना, तुम्ही आणलेली सोपी आवृत्ती उत्तम आहे. ती ठेवा, मनात अपराधीपणा नको. फोनमध्ये आयआरव्ही उतरवून ठेवा. ती वाक्यरचनेत मूळच्या जवळ राहायचा प्रयत्न करते आणि शब्द रि.व्ही.पेक्षा आजचे आहेत, त्यामुळे दोन्हींत मतभेद दिसला की तिसरी साक्ष म्हणून कामाला येते. यूव्हर्शनच्या अ‍ॅपवर एक वचन निवडून अनेक आवृत्त्यांत शेजारी शेजारी पाहता येतं. फक्त एवढ्या प्रती हाताशी असल्यामुळे एक खोड लागते तिच्यापासून सावध राहा : आपल्याला सोयीचा अर्थ मिळेपर्यंत आवृत्त्या बदलत जाणं. म्हणून निदान एक वर्ष आधारप्रत एकच. बाकीच्या साक्षीला.

माझं मत बाजूला ठेवून स्वतः तपासायचं असेल, आणि हे इतर वाचकांनीही करावं, तर एका संध्याकाळी चार उतारे घ्या. मार्क १ : हा मुलाला मोठ्यानं वाचायला द्या आणि तो किती वेळा अडखळतो ते मोजा. वीस वचनांत पाच-सहा वेळांहून जास्त अडखळला तर ती प्रत घरच्या वाचनाला नको. स्तोत्र २३ : हे तुम्ही म्हणा. रि.व्ही.त ‘मला काही उणे पडणार नाही’ एवढंच आहे. सोप्या आवृत्तीत ‘मला ज्याची गरज आहे ते सर्व माझ्याजवळ नेहमी असेल’. कुठलं ओठांवर राहतं ते तुमचे ओठच सांगतील. इफिसकरांस १:३-१४ : ग्रीकमध्ये हे सगळं एक वाक्य आहे. प्रत्येक प्रतीत पूर्णविराम मोजा. पूर्णविराम जितके जास्त, तितके ‘म्हणून’, ‘ह्यासाठी की’, ‘त्याच्या ठायी’ हे सांधे गळण्याची शक्यता जास्त. आणि पौलाचा अभ्यास म्हणजे अर्धा अधिक या सांध्यांचाच अभ्यास असतो. चौथा, स्तोत्र १३६ : शेवटचे शब्द सव्वीसही वेळा तेच आहेत का? मूळ शब्द एक असताना भाषांतर दर वेळी बदलत असेल, तर त्या प्रतीवरून शब्दांचा माग काढता येणार नाही.

शब्दांचा माग काढायचाच तर बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला आकडा देणाऱ्या स्ट्राँगच्या शब्दसूचीचे आकडे कामाचे आहेत. हेसेद हा हिब्रू २६१७, प्नेव्मा हा ग्रीक ४१५१. हे आकडे इंग्रजी अ‍ॅपवर फुकट मिळतात आणि त्यावरून तो शब्द आणखी कुठे आला आहे ते कळतं. इथे एक चूक हमखास होते : कोशात दिलेले सगळे अर्थ एकाच वचनात कोंबले जातात. ‘पान’ म्हणजे झाडाचं, पुस्तकाचं, खायचं आणि जेवायचं. पण ‘पानं वाढली’ म्हटल्यावर कुणी पुस्तक आठवत नाही. हिब्रू-ग्रीक शब्दांनाही हाच न्याय लावा. अर्थ वाक्य ठरवतं, कोश नाही.

पतीच्या बायबलातली सात पुस्तकं भाषांतराच्या वादात ओढू नका. तो प्रश्नच वेगळा आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ३९ आणि २७ मिळून ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. जास्तीची म्हणजे तोबित, ज्युडिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग अधिक. हा मजकूर येशूच्या काळी प्रचलित असलेल्या ग्रीक जुन्या करारातून आलेला आहे. घरात दोन्ही परंपरा आहेत तर संध्याकाळचं वाचन सामाईक पुस्तकांतून करा, आणि कधी मक्काबी उघडून मुलाला दोन करारांच्या मधल्या काळातला इतिहासही वाचून दाखवा. तो कुठल्याच ६६ पुस्तकांत नाही. पतींना आजच्या मराठीत वाचायचं असेल तर वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्यांना जवळचं वाटेल. जुन्या कॅथलिक पुस्तकांत स्तोत्रांचे क्रमांक एकानं मागे असतात, आपलं तेविसावं तिथे बाविसावं. मिस्सेतलं, म्हणजे कॅथलिक उपासनेतलं, स्तोत्र तुमच्या प्रतीत भलतंच निघालं तर आधी हा फरक आठवा.

पुस्तक हातात घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. बायबलचा कागद फार पातळ असतो, साधारण २८ ते ४० ग्रॅमचा. पान उजेडासमोर धरून मागची अक्षरं किती उमटतात ते पाहा. जोडाक्षरं नीट वाचता येतात का, विशेषतः ‘द्ध’, ‘द्व’, ‘ष्ट्र’, हे संध्याकाळच्या दिव्याखाली पाहायचं असतं, दुकानातल्या झगझगीत उजेडात नव्हे. मार्काच्या मध्यावर उघडून टेबलावर ठेवा; पुस्तक स्वतःहून मिटलं तर शिवण घट्ट आहे, रोजच्या वापरात पाठ फुटेल. खुणा करायला साधी पेन्सिल किंवा रंगीत पेन्सिल. जेल पेन आणि हायलायटर पलीकडच्या पानावर उतरतात, आणि बॉलपेन दाबून लिहिलं की पान फाटतं. प्रत्येक वचन नव्या ओळीवर असलेली छपाई पाठांतराला बरी, पण वाचनाला परिच्छेदांची घ्या. नव्या करारातल्या वचनांचे आकडे १५५१ मध्ये पडले, अध्याय १३ व्या शतकात. ठळक मथळे तर छापणाऱ्यांचे. दोन वचनांमधली रिकामी जागा पाहून विचारही तुटतो असं मनाला वाटू लागतं. १ करिंथकरांस १२ च्या शेवटून थेट १३ मध्ये, न थांबता, एकदा वाचून पाहा. ‘प्रीतीचा अध्याय’ लग्नात वाचतात तसा सुटा नाही, भांडणाऱ्या मंडळीला दिलेलं ते उत्तर आहे.

आजीची जुनी प्रत रोज हाताळू नका. पिवळा पडलेला कागद दुमडला की तुटतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात ओल धरते. फाटक्या पानांना सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत डिंक तपकिरी होऊन अक्षरं खातो. आणि आजीनं समासात लिहिलेल्या तारखा, नावं, खुणा असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, ताई. त्यांनी आयुष्यभर ज्या शब्दांत प्रार्थना केली, ते शब्द कुणी बदलतंय ही त्यांची भीती आहे, आणि ती भक्तीतूनच आली आहे. त्यांच्याकडे रि.व्ही. घेऊन जा, स्तोत्र १३६ त्यांना म्हणायला सांगा, आणि मग ‘दया’ या शब्दाबद्दल विचारा. पाठ असलेल्या माणसाकडून अर्थ ऐकण्यात जे मिळतं ते कुठल्या टिपेत नसतं.

सुरुवात कुठून करायची? सगळं बायबल वर्षात वाचायचा नेम एकदम धरू नका. ११८९ अध्याय आहेत, रोज सव्वातीन पडतात. या हिशेबानं जानेवारी संपता संपता लेवीयातले यज्ञांचे नियम सुरू होतात, आणि बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्याला पाच वाचले तर ५२ आठवड्यांत पुरे होतात, आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. आधी मार्क घ्या, १६ अध्याय, तीन आठवडे आणि एक दिवस. मुलानं सोप्या आवृत्तीतून वाचायचं, त्यातलं त्याला आवडलेलं एक वचन तुम्ही रि.व्ही.तून म्हणायचं, आणि ज्या शब्दावर दोन्ही प्रती वेगळ्या झाल्या तो एका वहीत तारखेसह लिहायचा. बुधवारी ती वही सोबत न्या.